कुलाब्याची वही

माझी भाची डोंबिवलीला राहते, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा तिच्या गटाने प्रोजेक्टला विषय घेतला तो असा: टोकामॅक नावाच्या यंत्रातला अतितप्त वायू, म्हणजे प्लाझ्मा, कधी कोसळणार हे मशीन लर्निंगने आधी ओळखता येईल का. मार्गदर्शक सरांनी ‘बघा झेपतंय का’ म्हणून सही केली. मी एका बँकेत फसवणुकीचे व्यवहार हुडकणारी मॉडेलं बांधतो आणि कधीकाळी कलिन्याला एम.एस्सी. फिजिक्स केलेलं आहे; या दोन गुन्ह्यांपायी एका रविवारी मामाला बोलावणं आलं.

पोह्यांची ताटली बाजूला सरकवून तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन रेघा. वरची प्लाझ्मातल्या विद्युतप्रवाहाची: सरसर चढते आणि मग पठारासारखी सपाट चालते. खालची, पोकळीभोवती बसवलेल्या चुंबकीय वेटोळ्याची: आधी शांत, मग तिला बारीक थरथर सुटते, थरथर वाढत जाते आणि अचानक थांबते.

“थांबली म्हणजे सुधारली ना?” भाचीची आई स्वयंपाकघरातून.

“नाही गं आई, थांबणं हेच वाईट.” तिने बोट थोडं पुढे सरकवलं. वरच्या रेघेला एक छोटं शिंग फुटलं होतं, आणि त्यापुढे ती कड्यावरून पडावी तशी शून्यावर आली होती. थरथर थांबल्यापासून कडेलोटापर्यंत सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा.

ही रेघ इंग्लंडमधल्या कल्हमची. तिथे १९९९ ते २०१३ चाललेल्या मास्ट नावाच्या टोकामॅकची मोजमापं आता कुणालाही उतरवून घेता येतात. डोंबिवलीतल्या मुलीलाही, फुकट. “आपल्याकडचं काही नाही मिळालं?” मी विचारलं. “मिळालं की,” म्हणत तिने दुसरी खिडकी उघडली. एका शोधनिबंधातल्या आकृतीचं चित्र मोठं करून ती त्यातल्या रेघेवर माऊसने एकेक ठिपका टिपत होती. दोनशे बारा ठिपके झाले होते आणि मनगट दुखत होतं. देशातल्या एका प्रयोगशाळेला तिने मेल लिहिला होता. दोन महिने होऊन गेले, उत्तर नाही. प्रयोगशाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे कुठेही लिहिलं असतं तरी बहुतेक हेच झालं असतं.

त्या दोनशे बारा ठिपक्यांवरून मला जे म्हणायचं आहे ते इथे मांडतो. विज्ञानात एआय आणण्याच्या ज्या गप्पा सध्या सरकारी व्यासपीठांवर आणि कॉलेजच्या बॅनरांवर चालल्या आहेत, त्यांत चर्चा फक्त मॉडेलांची आणि ती चालवणाऱ्या जीपीयू चिपांची होते. प्लाझ्मासारख्या विषयात खरी पुंजी असते ती मोजमापांच्या वहीत. आपल्या वह्या कपाटात आहेत, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हेही धड ठाऊक नाही.

विषय थोडा उलगडून सांगायला हवा. वायू इतका तापवला की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, तो प्लाझ्मा. ट्यूबलाइटमध्ये तो असतो, आषाढातल्या विजेत असतो, सूर्य तर सगळा तोच. सूर्यात हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत मिसळून ऊर्जा निघते. हेच संमीलन, म्हणजे फ्यूजन, पृथ्वीवर घडवायचं तर सूर्याचं प्रचंड वजन आणि घनता आपल्याजवळ नाही, म्हणून तापमान त्याच्याही वर न्यावं लागतं. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश असतात. फ्रान्समध्ये अनेक देश मिळून उभारत असलेल्या इटर यंत्रात १५ कोटी अंश लागणार आहेत. एवढं तापलेलं काही कुठल्या भांड्यात ठेवणार? म्हणून मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत चुंबकांच्या जोरावर त्याला अधांतरी धरायचं. त्या यंत्राचं नाव टोकामॅक. शब्द रशियन, कल्पनाही तिथलीच.

प्लाझ्मा मात्र धरून ठेवलेला आवडत नसल्यासारखा वागतो. त्यात लाटा उठतात, गाठी बसतात, आणि एका क्षणी सगळंच कोसळतं. या क्षेत्रातली माणसं त्याला डिसरप्शन म्हणतात. लहान यंत्रात असं झालं तर भिंतीला थोडी झळ बसते, दहा-पंधरा मिनिटांनी पुढचा शॉट, म्हणजे प्रयोगाची पुढची खेप. इटरमध्ये दीड कोटी अँपिअरचा प्रवाह फिरणार आहे. तिथे तो अचानक तुटला तर भिंत वितळेल आणि सबंध भांड्याला असा हिसका बसेल की दुरुस्तीत महिने जातील. म्हणून कोसळण्याआधी किमान ३० मिलिसेकंद तरी सूचना हवी, म्हणजे गोठवलेल्या गोळ्यांचा चुरा आत मारून प्लाझ्मा सौम्यपणे विझवता येईल. पापणी लवायला याच्या तिप्पट वेळ लागतो.

समीकरणं माहीत नाहीत असं नाही. ती शंभर-दीडशे वर्षांपासून माहीत आहेत. अडचण अशी की प्लाझ्मातल्या एका भोवऱ्याचा नीट हिशेब करायला महासंगणकाला दिवसच्या दिवस लागतात, आणि इथे निर्णय घ्यायचा पापणी लवायच्या आत. मग जुने शॉट बघून शिकणारं यंत्र कामाला येतं. त्याला ‘का’ विचारत बसायचं नसतं. अशी थरथर आली की पुढे काय होतं, एवढंच हजारो वेळा पाहून त्याने ओळखायचं.

आणि हे जमतं, हे गेल्या काही वर्षांत दिसलेलं आहे. २०१९ मध्ये प्रिन्स्टन आणि हार्वर्डशी जोडलेल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या डीथ्री-डी आणि इंग्लंडमधल्या जेट या दोन टोकामॅकच्या शॉटवर शिकवलेलं मॉडेल ‘नेचर’मध्ये मांडलं, एका यंत्रावर शिकलेलं काही अंशी दुसऱ्या यंत्रावर चालतं हे त्यात दिसलं. २०२२ मध्ये गूगलच्या डीपमाइंडने लोझानच्या स्विस प्लाझ्मा केंद्राबरोबर काम करून टीसीव्ही टोकामॅकची १९ वेटोळी एकाच शिकलेल्या नियंत्रकाच्या हाती दिली. सेकंदाला दहा हजार वेळा आज्ञा देत त्याने प्लाझ्माला हवे तसे आकार दिले; एकदा तर पोकळीत दोन वेगवेगळे थेंब एकाच वेळी धरून दाखवले. २०२४ मध्ये डीथ्री-डीवर प्लाझ्मा फाटायची अस्थिरता ३०० मिलिसेकंद आधी ओळखून ती टाळण्यापर्यंत मजल गेली, तीही बहुतांशी जुन्या प्रयोगांच्या नोंदींवर शिकून. लेसरने संमीलन घडवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएफमध्ये ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल टाकून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. त्या शॉटच्या आधीच तिथल्या एका मॉडेलने यशाची शक्यता सत्तर टक्क्यांच्या वर सांगितली होती.

या बातम्या मराठी वर्तमानपत्रांतही आल्या. मथळे एकाच जातीचे: एआयने कृत्रिम सूर्याला वेसण घातली. वेसण घातली ती डीथ्री-डीच्या कंट्रोल रूममध्ये वर्षानुवर्षं बसून ‘शॉट बिघडला, गॅस व्हॉल्व्ह गळत होता’ असं लिहिणाऱ्यांनी. त्यांचं नाव मथळ्यात येणं शक्यच नव्हतं.

मी हे धंद्यातल्या अनुभवावरून बोलतो. आमच्याकडे एकदा एक मॉडेल इतकं झकास चाललं की साहेबांनी पेढे मागवले. देशभरातल्या शाखांपैकी एका लहान गावातली शाखा ते सारखं दाखवत होतं: इथे फसवणूक, इथे फसवणूक. चौकशी केली तेव्हा कळलं की त्या शाखेतली एक कारकून बाई प्रत्येक संशयास्पद व्यवहाराचा फॉर्म नियमाने भरत होत्या. बाकीच्या शाखा भरतच नव्हत्या. आमचं मॉडेल प्रामाणिकपणा ओळखायला शिकलं होतं आणि त्याला फसवणूक म्हणत होतं. आकडे सगळे खरे होते. ते कोणी, कसे आणि का लिहिले ही गोष्ट तेवढी आकड्यांबरोबर आलेली नव्हती.

टोकामॅकमध्येही हेच होतं. शॉट कोसळला की मुद्दाम कोसळवला? सेन्सर शांत आहे तो प्लाझ्मा शांत आहे म्हणून, की त्या आठवड्यात त्याची केबल निघाली होती? जेटमध्ये २०११ च्या सुमाराला आतली कार्बनची भिंत काढून बेरिलियम आणि टंगस्टनची बसवली, आणि प्लाझ्मा कोसळायची तऱ्हाच बदलली. ही तारीख माहीत नसलेल्या मॉडेलला एकाच यंत्राच्या नावाखाली दोन यंत्रं शिकवली जातात, आणि ते मुकाट्याने सरासरी काढून बसतं. मोजमाप आणि त्याच्या समासातलं टिपण वेगळं केलं की मोजमापाची निम्मी किंमत गेली.

आता कुलाब्याकडे येतो, कारण हा सगळा विषय गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचा आणि फ्रान्समधल्या इटरचा आहे, मुंबईचा त्यात काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. दोऱ्याला टांगलेला चुंबक, त्याचा झोका दुर्बिणीतून बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा. एरवी तासातासाला, चुंबक बिथरला की दर काही मिनिटांनी. रात्रपाळी असायचीच. कुणा देशी सहायकाने, समोर खाडीवरून येणारा खारा वारा आणि हातात शाईची लेखणी, असे आकडे वर्षानुवर्षं भरले. कशासाठी, याचं पक्कं उत्तर तेव्हा विलायतेतल्या साहेबांकडेही नव्हतं.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सूर्यावर एक लखलखाट पाहिला. अठराएक तासांनी सूर्यातून सुटलेला प्लाझ्मा पृथ्वीवर येऊन आदळला. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बंद पडली, तारखात्यातल्यांना विजेचे झटके बसले. त्या वादळात उत्तरेकडच्या बऱ्याच वेधशाळांच्या नोंदी मोजपट्टीच्या बाहेर गेल्या. कुलाब्याच्या माणसाने मात्र २ सप्टेंबरचे आकडे लिहून ठेवले. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला होता. ती वही १४४ वर्षं थांबली. २००३ मध्ये मुंबईच्याच भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ती पुन्हा उघडली, आणि त्या सौर वादळाची ताकद ठरवताना जगाला आज जो आधार मिळतो तो कुलाब्याच्या त्या नोंदीचा. आज उपग्रह आणि वीजजाळी वाचवण्यासाठी अंतराळ हवामानाची जी मॉडेलं शिकवली जातात, त्यांची सगळ्यांत मोठी पंचाईत अशी की भयंकर वादळं फार थोडी आहेत. जी थोडी आहेत त्यांतलं पहिलं नाव या शहराच्या वहीतून येतं.

पुढची गोष्ट मला याहून आवडते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकाची मोजणी बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी जागा निवडली. पण वाजवा रे वाजवा करून बिऱ्हाड हलवलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा यांत किती फरक येतो ते कळावं आणि मालिका तुटू नये. मग कुलाबा बंद. ट्राम १९०७ ला आली आणि १९६४ ला गेलीसुद्धा. अलिबागची मोजणी अजून चालू आहे.

मी दोन वर्षांपूर्वी परवानगी काढून तिथे गेलो होतो. आत शिरताना किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल, सगळं बाहेर ठेवायला सांगितलं. मोजणीच्या इमारतीत लोखंडाचा खिळाही चालत नाही. बरोबरच्या मित्राचा चष्मा कसल्या फ्रेमचा यावर दोन मिनिटं खल झाला. मला हसू आलं, मग हसू ओसरलं. शंभर वर्षं माणसं इथे चष्म्याच्या फ्रेमची काळजी करत आली आहेत, आणि त्या काळजीला डेटा सायन्स म्हणायचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

परत येताना मांडव्याची लाँच गेटवेला लागते. तिथून अणुऊर्जा खात्याचं मुख्यालय चालत पाच-सात मिनिटांवर. गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था याच खात्याखाली येते, तिथला आदित्य टोकामॅक १९८९ पासून चालू झालेला. इटरमध्ये भारत २००५ च्या अखेरीस सामील झाला त्याचे धागेही इथेच येतात. म्हणजे वह्या गुजरातेत असल्या तरी त्या उघडायच्या की नाही यावरची सही मुंबईत होते. म्हणून हा प्रश्न मुंबईच्या वाचकासमोर ठेवतो आहे.

आदित्य लहान यंत्र आहे. त्याचा प्लाझ्मा सेकंदाचा काही अंश टिकतो. चीनच्या ईस्टने २०२५ च्या जानेवारीत १०६६ सेकंद आणि फ्रान्सच्या वेस्टने फेब्रुवारीत १३३७ सेकंद प्लाझ्मा धरून दाखवला, त्यापुढे आपल्या रेघा कुणाला हव्यात, असं मला एका प्राध्यापक मित्राने सुनावलं. मुद्दा बिनतोड वाटतो, पण तो उलटा धरलेला आहे.

कोसळणं ओळखायला शिकायचं तर कोसळण्याची उदाहरणं लागतात, भरपूर. इटरला ती चैन परवडणार नाही. शिकण्यासाठी म्हणून शंभर वेळा यंत्र कोसळवून पाहू असं तिथे कुणी म्हणू शकणार नाही. एकेका हिसक्याची किंमत कोट्यवधींत. तेव्हा इटरचा पहारेकरी दुसऱ्या यंत्रांच्या अपयशांवरच शिकणार, आणि जितकी यंत्रं वेगवेगळ्या आकाराची, वेगवेगळ्या भिंतींची, तितकं त्याचं शिक्षण पक्कं. एकाच यंत्रावर शिकलेलं मॉडेल हे फक्त कुलाब्याचा पर्जन्यमापक बघून मुंबईच्या पावसाचा अंदाज करण्यासारखं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७३ च्या आसपास. त्या दिवशी कुलाब्याची नोंद खोटी नव्हती, आणि कुर्ल्यात गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या माणसाला तिचा उपयोगही नव्हता.

म्हणजे ज्या शॉटची आपल्याला लाज वाटते, जे शोधनिबंधात येत नाहीत, ज्यांच्यापुढे वहीत ‘फेल’ असा शेरा असतो, तेच आज बाजारात सगळ्यांत महाग आहेत. आदित्यने असे शॉट तीन दशकांहून अधिक काळ जमवले. इटरच्या खर्चात आपला वाटा सुमारे नऊ टक्के. त्याला बाहेरून वेढणारं ३८५० टनांचं पोलादी भांडं, म्हणजे क्रायोस्टॅट, आपण बांधून दिलं, हजीऱ्याला. पोलाद दिलं, आता अपयशंही द्यावीत. ती तर तयारच आहेत.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला गोपनीयतेचा. अणुऊर्जा म्हटलं की आपल्याकडे फाइल आपोआप लाल फितीत जाते. पण चुंबकीय संमीलनावरचा पडदा अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने १९५८ च्या जिनिव्हा परिषदेत स्वतःहून बाजूला केला. शीतयुद्धाच्या ऐन भरात. टोकामॅकच्या रेघेतून बॉम्ब होत नाही. ब्रिटनने मास्टची मोजमापं खुली केली, जपानने तोकीच्या एलएचडी या संमीलन-यंत्राची. आणि आपल्याकडेच बघा: २ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे कुलाब्याच्या त्या नोंदीच्या तारखेलाच, इस्रोने आदित्य-एल१ सोडलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याची मोजमापं सगळ्यांसाठी खुली केली. एक आदित्य पंधरा लाख किलोमीटरवर, त्याचा डेटा डोंबिवलीत बसून मिळतो. दुसरा आदित्य अहमदाबादच्या गाडीने रात्रभराच्या अंतरावर, त्याच्यासाठी माऊसने ठिपके.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि तो शास्त्रज्ञ खाजगीत बोलून दाखवतात: आम्ही वीस वर्षं राबायचं, लोण्याचा गोळा परदेशातला कुणी पोरगा खाणार. यात तथ्य आहे. यावर उपाय म्हणून काही देशांत मोजमापं आधी दोन-चार वर्षं संस्थेजवळ ठेवतात आणि मग खुली करतात; डेटासंचालाही शोधनिबंधासारखा स्वतंत्र क्रमांक देऊन त्याचं श्रेय मोजतात. पण आपल्याकडे बढतीच्या तक्त्यात ‘नीट ठेवलेल्या नोंदी’ असा रकाना नाही. तो नसेल तोवर ‘डेटा खुला करा’ हा सल्ला म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने दानधर्म.

त्यातूनच पुढची गोष्ट निघते. हे काम फावल्या वेळात होण्यासारखं नाही. तीस वर्षांत नोंदी ठेवायच्या पद्धती बदललेल्या असणार, फायलींचे साचे बदललेले असणार, सेन्सर बदललेले तर नक्कीच. त्यांचा मेळ बसवणारी माणसं लागतात, पूर्णवेळ, पगारी. केंद्राने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटींचं इंडियाएआय मिशन मंजूर केलं, त्यात डेटासंचांचं कोठारही आहे. कोठार बांधणं सोपं. धान्य निवडणारे कोण? आणि मुंबईत ही विद्या जाणणाऱ्यांचा दुष्काळ नाही. बीकेसीच्या एकेका इमारतीत माझ्यासारखे शेकड्यांनी भरले आहेत, आणि आमची बुद्धी कुणाला किती वाजता कर्जाचा मेसेज पाठवला की तो फसेल हे शोधण्यात जाते. त्यातले काही, निम्म्या पगारावर का होईना, नळीतल्या विजेचा अभ्यास करायला जातील. मी जाईन का, हे भाचीने विचारलंच. मी चहा मागितला.

आता दुसऱ्या बाजूचं, कारण एआयचा झेंडा घेऊन निघालेल्यांत मला धरलं जाऊ नये. संमीलनाच्या क्षेत्राला उतावळेपणाचा जुना आजार आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभांनी भाकीत केलं की येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रणात आणायचा मार्ग सापडेल. त्यांच्यासारखा माणूस चुकला, बाकीच्यांनी सावध राहावं. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटनने झेटा यंत्रात संमीलन साधल्याचं वाजतगाजत जाहीर केलं. न्यूट्रॉन मोजले होते, आकडे खोटे नव्हते. मे महिन्यात माघार घ्यावी लागली, न्यूट्रॉन भलत्याच कारणाने येत होते. मनात असलेलं उत्तर आकड्यात दिसणं हा काही संगणकाने आणलेला रोग नाही, पण संगणक तो फार वेगाने पसरवतो. प्रिन्स्टनशी संबंधित दोघा संशोधकांनी २०२४ मध्ये हिशेबच मांडला: द्रव-वायूंच्या प्रवाहांच्या समीकरणांत मशीन लर्निंगने जुन्या पद्धतींवर मात केल्याचा दावा करणारे ७६ शोधनिबंध तपासले, तर त्यांतल्या ६० मध्ये तुलना लेच्यापेच्या प्रतिस्पर्ध्याशी केलेली निघाली. गल्लीतल्या पोराला हरवून हिंदकेसरी.

असे दावे तपासायचे कसे? त्याचंही उत्तर या क्षेत्रात आधीच मिळालेलं आहे. १९६८ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी टी-३ टोकामॅकमध्ये कोटीभर अंश तापमान गाठल्याचं सांगितलं, पश्चिमेत कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा १९६९ मध्ये कल्हमचे ब्रिटिश शास्त्रज्ञ आपलं लेसर उपकरण पेट्यांत भरून मॉस्कोला गेले आणि त्यांनी स्वतः मोजलं. आकडा खरा निघाला. त्यानंतर जगभर टोकामॅकच टोकामॅक झाले. रशियनांनी दार उघडलं म्हणून रशियन यंत्र जिंकलं. दार बंद ठेवलं असतं तर तो आकडा अजून अफवाच राहिला असता.

तेव्हा माझी मागणी अगदी छोटी आहे. सगळं एकदम नको. आदित्यचं २०१५ मध्ये सुट्टे भाग करून नूतनीकरण झालं आणि २०१६ च्या अखेरीस आदित्य-यू या नावाने त्याने पुन्हा प्लाझ्मा धरला. म्हणजे १९८९ ते २०१५ चा जुना आदित्य आज अस्तित्वातच नाही. त्याच्या नोंदींवर कुणाची स्पर्धा नाही, कुणाची गुपितं नाहीत. तेवढे शॉट, चांगले-वाईट सगळे, समासातल्या शेऱ्यांसकट बाहेर काढावेत. मूस यांच्यासारखी दोन वर्षं द्यावीत.

घाईचं कारण वेगळंच आहे. १९८९ मध्ये जो पंचविशीत त्या कंट्रोल रूममध्ये आला तो २०२४ मध्ये साठ वर्षांचा झाला. वहीत एखाद्या शॉटपुढे नुसतं ‘तोच प्रॉब्लेम, शहांना विचारा’ असं लिहिलेलं असेल, तर तोच म्हणजे कुठला हे सांगणारा माणूस आत्ता कुठेतरी नातवाला शाळेतून आणायला गेलेला आहे. त्याचा फोन नंबर अजून लागतो.